एक पायरी गरम

वसईजवळ उमेळ्याला खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकीणबाई स्वयंपाकघरात काहीतरी भाजत होत्या. गॅसवर पापडाची जाळी होती, आच मंद होती, म्हणून मला वाटलं वांगी असतील. पण वास वांग्याचा नव्हता, पेट्रोलपंपावर येतो तसा होता. जवळ जाऊन पाहिलं तर जाळीवर चार स्पार्क प्लग ओळीने मांडलेले, आणि बाई चिमट्याने एकेक उलटत होत्या. जुन्या प्लगवरची काजळी अशी जाळून काढायची रीत असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"तुला चारचाकी चालवता येते?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी नाही म्हटलं. बापाकडे, भावाकडे गाडी आहे का, हेही विचारून झालं. तेही नाही म्हटल्यावर त्यांनी गॅस बंद केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग खोली तुझी. आधीचा भाडेकरू लय शिकवायचा मला."

मी साताऱ्याकडची. वालीवच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी लागली होती आणि राहायला जागा हवी होती. घरमालकीणबाईंना सगळे काकी म्हणायचे; त्यांच्या घराच्या माडीवरची ती खोली, बाहेरून जिना, खिडकीखाली सोनचाफ्याची वाडी. तिथे मी लग्न होईपर्यंत राहिले. आजूबाजूच्या वाड्या एकेक करून इमारतींखाली गेल्या होत्या. काकींच्या कुंपणाला लागूनच सात मजली इमारत उभी होती आणि तिची सावली दुपारनंतर मोगऱ्यावर पडायची. काकी त्या इमारतीकडे पाहायच्या नाहीत. त्या फक्त सावली कुठवर आली ते पाहायच्या आणि त्याप्रमाणे कुंड्या सरकवायच्या.

काकी तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. उंच, काटक, नऊवारी कधी, कधी गाऊनवर टॉवेल. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो तसा त्यांच्या कमरेला प्लग खोलायचा पाना असायचा. देवळात जातानासुद्धा. एकदा पुजाऱ्याने विचारलं की हे हत्यार कशाला, तर म्हणाल्या, बाहेर गाडी उभी हाय.

गाडी म्हणजे जीप. पेट्रोलवरची, उघड्या पाठीची, मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये इतक्या वेळा रंगवलेली. काकींनी ती तरुणपणी एका लिलावात घेतली होती, नवऱ्याच्या मनाविरुद्ध. काकांचं म्हणणं होतं की बैलगाडी पुरते. काकींचं म्हणणं होतं की बैलाला झोप लागते. चालवायला त्या स्वतःच शिकल्या, मिठागराच्या मोकळ्या जमिनीवर, जिथे धडकायला काही नव्हतं. काका शेवटपर्यंत पुढच्या सीटवर बसले नाहीत. मागे फुलांच्या करंड्यांबरोबर बसायचे, मागे तोंड करून.

जीप घेतली त्याच्या पुढच्या वर्षी मुलगा झाला. म्हणून जीप झाली थोरली आणि मुलगा धाकटा. हे काकी गमतीने म्हणत नसत. "थोरलीला तेल पाजायचंय, धाकट्याला फोन करायचाय," असं एका दमात बोलायच्या. धाकटा मुंबईला नोकरी करायचा, वसईत स्टेशनजवळ फ्लॅट घेऊन राहायचा, वयाने माझ्याहून बराच मोठा आणि डोक्यावर टक्कल. पण अख्खं गाव त्याला धाकटाच म्हणायचं, मग मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागले.

काकींचा कान हा एक वेगळाच प्रकार होता. ओटीवर फुलं निवडत बसलेल्या असताना रस्त्यावरून रिक्षा गेली की त्या म्हणायच्या, हिचा एक प्लग मेलाय. टेम्पो गेला की म्हणायच्या, हा मालक नाही, ड्रायव्हर चालवतोय. शेजारच्यांच्या पूजेला जनरेटर फडफडायला लागला तेव्हा आरती चालू असताना उठून गेल्या, परत आल्या तेव्हा हात काळे होते आणि दिवे स्थिर होते. प्रसाद त्यांनी डाव्या हाताच्या मनगटावर घेतला.

माणसांचीही त्यांनी प्लगसारखी विभागणी केलेली होती. थंड प्लग आणि गरम प्लग. आता हे मला त्यांनीच समजावलं, आणि नीट समजावलं. प्लगला इंजिनाच्या पोटात बसून ठिणगी टाकायची असते. तिथे तेल-पेट्रोलाची काजळी उडते. प्लगचं टोक पुरेसं तापलेलं राहिलं तर ती काजळी आपोआप जळून जाते. जो प्लग उष्णता धरून ठेवतो तो गरम, जो पटकन सोडून देतो तो थंड. "काही मानसं सगळं पटकन सोडून देतात. ती बरी वाटतात. पन त्यांच्यावर काजळी साचते," असं त्या म्हणाल्या. मी कोणत्या प्रकारची, असं मी विचारलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, तू अजून नवीन हायस, रंग यायचाय.

माझ्या लग्नाचं जमत होतं त्या काळात मुलगा मला भेटायला मोटरसायकलवरून आला. काकींनी त्याला पाणी दिलं, नाव-गाव काही विचारलं नाही, थेट म्हणाल्या की तुमचा प्लग काढून दाखवा. त्याला वाटलं चेष्टा आहे. पाना समोर आल्यावर त्याने निमूट काढला. प्लग काळाकुट्ट आणि तेलकट निघाला. काकी जिना चढून माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात निकाल सांगितला: मुलगा वाईट नाही, निगा राखत नाही, पण सांगितलं तर ऐकणारा आहे, कारण त्याने वाद घातला नाही. मी त्याच्याशीच लग्न केलं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

रोज पहाटे काकी वाडीत फुलं काढायच्या. दोन बायका मदतीला यायच्या. उजाडता उजाडता करंड्या जीपमध्ये चढायच्या आणि थोरली गुरगुरत बाहेर पडायची. सोनचाफा काही वसई स्टेशनच्या बाजारात, काही रेल्वेवरचा पूल ओलांडून पूर्वेला वालीवकडच्या फुलवाल्यांकडे. माझी कामावर जायची वेळ जमली की मी पुढच्या सीटवर बसून वालीवपर्यंत जायचे. केसांत ताजा चाफा, कपड्यांना पेट्रोलचा वास. ऑफिसात मला त्यावरून ओळखायचे.

आणि मग थोरली मिसिंग करू लागली.

आधी थोडंसं. चालता चालता एखादा ठोका चुकायचा, जसा बोलता बोलता माणूस अडखळावा. मग उभी असताना थरथरायची. सिग्नलला दोनदा बंद पडली. काकींसारखी बाई, जी दुसऱ्याची रिक्षा आवाजावरून ओळखते, ती स्वतःच्या जीपबद्दल काहीच बोलेना. पेट्रोल खराब आहे म्हणाल्या आणि काकांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून पेट्रोल गाळून घातलं. फरक पडला नाही. कार्बोरेटर साफ करून घेतला. फरक पडला नाही. प्लग मात्र त्या खोलत नव्हत्या. कमरेचा पाना कमरेलाच.

शेवटी मीच विचारलं, काकी, प्लग का बघत नाही?

त्या बराच वेळ देठं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्लग धाकट्याने दिलेत."

तेव्हा मला सगळं कळलं. त्यांच्या वाढदिवसाला धाकट्याने एक छोटा, जड, चकचकीत डबा आणला होता. आत चार इरिडियमचे प्लग, बाजारातले सगळ्यात भारी. नेटवर गाडीचं मॉडेल घालून त्याने ते मागवले होते. काकींनी तेव्हाच ते बसवले होते आणि दिवसभर सगळ्यांना सांगत फिरल्या होत्या. लहानपणापासून धाकटा त्या जीपला नावं ठेवत आलेला. शाळेत सोडायला नको म्हणायचा, लाज वाटते म्हणायचा. आणि त्याच धाकट्याने आपणहून थोरलीला काहीतरी दिलं होतं.

"त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिला काय दिलं," त्या म्हणाल्या, "ते काढून कसं टाकू?"

मीही त्यांच्याबरोबर देठं खुडायला बसले.

मग ती सकाळ आली. आम्ही रेल्वेवरच्या पुलाचा चढ चढत होतो. मागे करंड्या भरलेल्या, पुढे बस, मागे टँकर. अर्ध्या चढावर थोरलीने एक झटका दिला, दुसरा दिला आणि गप्प झाली. काकींनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. हँडब्रेक जुना, पायाने दाबायच्या स्टार्टरसाठी ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी तसूतसूने मागे सरकायची. मागचा टँकर इतका जवळ होता की त्याच्या जाळीवर चिकटलेले किडे मला दिसत होते. काकी स्टार्टर मारत होत्या, तो नुसता घरघरत होता. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ हलत होते. त्या देवाचं नाव घेत नव्हत्या. "ऊठ बाय, ऊठ," असं जीपला म्हणत होत्या.

टँकरचा ड्रायव्हर उडी मारून उतरला आणि त्याने आमच्या मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका लावला. जीप थांबली. मागे नुसते हॉर्न वाजत होते. एका टेम्पोने आम्हाला दोराने ओढत परत आणलं. त्या दिवशीचा चाफा उन्हात तपकिरी पडला आणि काकींनी तो सगळा विहिरीच्या कडेला खतात टाकला.

पुलावरची गोष्ट धाकट्याला कोणीतरी आधीच कळवली होती. तो संध्याकाळी आला. चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. आईला काही झालं असतं तर, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जीपच्या नोंदणीची मुदत संपत आली होती आणि तिची आरटीओकडे तपासणी व्हायची होती. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. या गाडीचं वय झालं. ती भंगारात द्यावी. आणि गाडी नसेल तर रोज फुलं कोण नेणार, तेव्हा वाडीचाही विचार करावा. शेजारच्या इमारतीवाल्याने विचारलंही होतं. आईने आता फ्लॅटवर यावं, नातवंडांत राहावं.

काकी ओटीवर बसून ऐकत होत्या. माझी खात्री होती की त्या आता प्लगचं सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "तपासनी होऊ दे. नापास झाली तर तू म्हनशील तसं. पास झाली तर भंगार हा शब्द या घरात कोनी काढायचा नाय."

धाकट्याने हो म्हटलं. माझ्याकडे पाहून, साक्षीला असावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी बॉनेट उघडलं. पाना कमरेतून निघाला. चारही प्लग बाहेर आले तेव्हा त्यांची टोकं कोळशासारखी काळी होती. त्यांनी ते पेट्रोलने हलक्या हाताने पुसले, स्वच्छ फडक्यात गुंडाळले आणि घरातल्या चांदीच्या भांड्यांच्या कपाटात ठेवले. प्लग वाईट नव्हते. नव्या, दमदार, लांब पळणाऱ्या इंजिनासाठी ते होते. थोरली पळत नव्हती. ती वाडी ते बाजार असं थोडं थोडं जायची, उभी राहून गुरगुरायची, आणि वयामुळे तिच्या पोटात थोडं तेल उतरायचं. त्या काजळीला जाळायला तिला एक पायरी गरम प्लग हवा होता. काकी वर्षानुवर्षं जे प्लग वापरत होत्या ते बाजारातून केव्हाच गेले होते आणि जाळीवर भाजून भाजून जगवलेला शेवटचा संच आता खरंच मेला होता.

थोरलीला पुन्हा टेम्पोच्या दोराला बांधून आम्ही वालीवला गेलो. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री होता, रत्नागिरीकडचा, बोलायला फटकळ, हाताला हुशार. नमुन्याला बरोबर घेतलेल्या धाकट्याच्या एका प्लगवरचा नंबर त्याने पाहिला आणि दुकानातून एक पायरी वरच्या नंबरचे प्लग आणवले. बसवले. थोरली आधीपेक्षा वाईट खोकायला लागली. मिस्त्री डोकं खाजवायला लागला. काकींनी नवा प्लग काढून डोळ्यांसमोर धरला, मग धाकट्याचा धरला, आणि हसल्या.

गंमत अशी होती की एका कंपनीत नंबर वाढला की प्लग गरम होत जातो आणि दुसऱ्या कंपनीत नंबर वाढला की थंड. धाकट्याचा प्लग एकीचा, नवा दुसरीचा. आम्ही एक पायरी वर चढण्याऐवजी खाली उतरलो होतो.

"नंबर बघायचाच नाय," काकी म्हणाल्या. "नाक बघायचं."

प्लगच्या टोकाला आतून पांढऱ्या चिनी मातीचा निमुळता भाग असतो. ते नाक. नाक लांब असेल तर उष्णता बाहेर जायला वेळ लागतो, प्लग गरम राहतो. आखूड असेल तर थंड. त्या दिवसापासून माझ्या ऑफिसच्या फोनवर विचित्र चौकशा सुरू झाल्या. मी खरेदी विभागात असल्यामुळे पुरवठादार ओळखीचे होते. मी त्यांना नंबर न सांगता सांगायचे की आटे एवढ्या जाडीचे, एवढ्या लांबीचे, आणि नाक लांब. एकाने मला विचारलं की मॅडम, तुमची फॅक्टरी तर पुठ्ठ्याची खोकी बनवते ना?

एक संच आला तो लांब आट्यांचा निघाला. मिस्त्री म्हणत होता की बसतोय की. काकींनी दोन प्लग शेजारी शेजारी धरले आणि त्याला दाखवलं की हा आत जास्त उतरतो, पिस्टन वर आला की त्याच्यावर आपटेल. मिस्त्रीने जीभ चावली आणि तो संच स्वतःहून परत पाठवला.

मग एकाने मच्छीमारांच्या होड्यांच्या इंजिनासाठी ठेवलेले प्लग पाठवले. आटे बरोबर, बसायची जागा बरोबर, नाक चांगलं लांब. ते बसवल्याबरोबर थोरली अशी गुळगुळीत चालायला लागली की मी टाळ्या वाजवल्या. काकी खूश होत्या. त्या दिवशीच तपासणीला न्यायची त्यांची तयारी होती. मिस्त्री मात्र आडवा आला.

"मावशी, उभ्या गाडीवर भुलू नका," तो म्हणाला. "जास्त गरम प्लग लोडवर पिस्टनला भोक पाडतो. आधी लोड घेऊन पळवा, मग प्लगचा रंग वाचा."

काकींना कोणी शिकवलेलं आवडायचं नाही. त्या मिस्त्रीकडे बघत राहिल्या, आणि मग त्याला म्हणाल्या, चल मग, बस गाडीत.

चांदीप गावात काकींच्या ओळखीचं शेत होतं. तिथून त्यांना शेणखत आणायचंच होतं. आम्ही जाताना मोकळे गेलो, येताना जीप खताच्या पोत्यांनी भरली. मी पोत्यांवर बसले. मोकळ्या रस्त्यावर काकींनी थोरलीला ताणली. वारा, धूळ, खत, आणि इंजिनाचा एकसंध आवाज. मग मिस्त्रीने खूण केली तशी त्यांनी पळत्या गाडीचा क्लच दाबला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी घरंगळत एका चिंचेखाली आणून उभी केली. असं केलं की प्लगवर लोडवरचाच रंग राहतो, उभ्या गाडीची काजळी वर चढत नाही.

चटके खात मिस्त्रीने प्लग काढले. चारही नाकं खडूसारखी पांढरीफटक होती.

अजून थोडं पळवलं असतं तर थोरलीचं इंजिन गेलं असतं, हे तिघांनाही दिसत होतं. काकींनी पदराने तोंड पुसलं. मग मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. एवढी मोठी शाबासकी त्यांनी कोणाला दिलेली मी कधी पाहिली नव्हती.

आता मात्र आम्हाला ठाऊक होतं की जागा कुठे आहे. धाकट्याचा प्लग थंड, हा होडीचा त्याहून दोन पायऱ्या गरम. मधलाच हवा होता. त्याच होडीवाल्या पुरवठादाराकडे मी स्वतः जाऊन बसले आणि त्याने रॅकच्या मागून एक पायरी खालचा संच शोधून काढला. मिस्त्रीने ठिणगी उडते ती फट मोजून जुन्या कॉइलला झेपेल एवढी थोडी कमी केली. पुन्हा चांदीप, पुन्हा पोती, पुन्हा ती चिंच. या वेळी प्लग काढायला काकींनी मिस्त्रीला हात लावू दिला नाही.

पहिला निघाला. काकींनी तो उन्हात धरला. नाकाचा रंग होता भाजलेल्या पावाच्या कडेसारखा, फिकट तपकिरी. दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसेच. काकी चिंचेखाली मटकन खाली बसल्या आणि चारही प्लग ओंजळीत घेऊन त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की धूळ गेली होती, मी विचारलं नाही. मिस्त्री दुसरीकडे बघत बिडी ओढत होता.

तपासणीच्या दिवशी धाकट्याने रजा घेतली. मीही घेतली. काकी नऊवारीत, केसांत चाफा. थोरली धुतलेली. आरटीओच्या मैदानावर गाड्यांची रांग लागली होती आणि ऊन चढत होतं. रांग थोडी सरकायची, थांबायची. असं उभं राहून गुरगुरत राहणं, हेच तर थोरलीला आधी झेपत नव्हतं. धाकटा मागे करंड्यांच्या जागी बसला होता, आणि मला दिसत होतं की तो इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून आहे, कधी बंद पडते म्हणून. आमच्या पुढची एक बऱ्यापैकी नवी गाडी गरम होऊन बाजूला घ्यावी लागली. थोरली एका लयीत चालू होती.

धाकट्याने शेवटी न राहवून विचारलं, "आई, आवाज बदललाय हिचा. काय केलंस?"

"प्लग बदलले."

"मी दिलेले कुठे गेले?"

"चांदीच्या कपाटात हायत. चांगले हायत. तिच्या वयाला मानवले नाय."

त्याने मनात हिशोब जुळवला असावा. मग त्याने विचारलं, "म्हणजे पुलावर बंद पडली ती त्यांच्यामुळे? तुला माहीत होतं?"

काकींनी समोर पाहतच मान हलवली.

"मग आधीच काढून का नाही टाकलेस?"

"तू दिलेलेस म्हनून."

रांग सरकली. काकींनी गिअर टाकला. मी मागे वळून पाहिलं नाही, पण धाकट्याचा हात पुढे आलेला आणि आईच्या खांद्यावर ठेवलेला मला दिसला. तो तिथेच राहिला, आमचा नंबर येईपर्यंत.

अधिकारी तरुण होता. त्याने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले. हँडब्रेक मिस्त्रीने नवीन बसवला होता. धुराच्या यंत्राची नळी मागे लावली. काकी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, जणू यंत्र त्यांनाच लावलं आहे. अधिकाऱ्याने आकडा पाहिला, यंत्राला टिचकी मारली, पुन्हा पाहिला. मग पुढे येऊन त्याने काकींना विचारलं की आजी, ही रोज चालते का?

काकी म्हणाल्या, रोज.

त्याने शिक्का मारला. पास.

काकी ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत. त्यांनी गाडी मैदानाबाहेर काढली, रस्त्याच्या कडेला उभी केली, उतरल्या, बॉनेटवर तळहात ठेवला आणि बऱ्याच वेळाने काढला. मग परत येऊन बसल्या. धाकटा आता मागे बसला नाही. मला मागे पाठवून तो पुढे, आईच्या शेजारी बसला.

येताना पुन्हा तो पूल. आणि नशीब असं की बरोबर अर्ध्या चढावर गाड्या थांबल्या. पुढे बस, मागे भरलेला ट्रक. धाकट्याने दाराची कड घट्ट पकडली. काकींनी हँडब्रेक ओढला आणि डावा हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिल्या. इंजिन चालू होतं. खालून लोकल गेली, पुलाचे कठडे थरथरले, थोरली थरथरली नाही. बस हलली. काकींनी ब्रेक सोडला, क्लच सोडला, आणि थोरली एक बोटभरही मागे न जाता चढावर निघाली, अशी सहज, जशी उताराला लागली असावी. वर पोचलो तेव्हा खाली सगळी वसई पसरलेली होती, इमारती, झाडांचे राहिलेले पुंजके, लांब खाडीची चमक. धाकटा मोठ्याने हसला. लहान मुलासारखा. मी त्याला असं हसताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

पूल उतरल्यावर तो म्हणाला, "आई, बाजूला घे ना. थोडी मला चालवू दे."

काकींनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या उतरतील आणि त्याला जागा देतील. इतक्या वर्षांनी मागत होता.

"आज नाय," काकी म्हणाल्या. "उद्या पहाटे ये. फुलं भरायला लागतील, मग चालव."

आणि उमेळ्याचा नेहमीचा फाटा सोडून त्यांनी जीप लांबच्या रस्त्याला घातली, देवळावरून, तळ्यावरून, चर्चच्या मैदानावरून, गावातल्या एकूण एक गल्लीतून. प्रत्येक ओळखीच्या दारासमोर हॉर्न वाजवत. माणसं बाहेर आली, हात हलवू लागली. सात मजली इमारतीसमोर त्यांनी सगळ्यात जास्त वेळ हॉर्न दाबून धरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून त्या इमारतीकडे पाहिलं.

धाकटा दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आला.